भ्रम कोणास झाला ?

ज्या तालुक्यांत पोटभर नाचणीची पंचाईत, तेथील रोग्यांच्या मेंदूचीं चित्रें काढण्याच्या गोष्टी करणें म्हणजे उपाशी माणसाच्या हातीं अत्तराची कुपी देणें होय, असा आक्षेप आमच्या सुशिक्षित वर्गांत मोठ्या प्रौढीनें घेतला जातो. या आक्षेपांत दयेचा आव आहे; दया मात्र आम्हांस दिसत नाहीं. १९९२ सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं जव्हार-मोखाड्याचें नांव वर्तमानपत्रांत आलें, तें पांढरपेशांच्या डोक्यांत कुपोषणाशीं असें चिकटून बसलें आहे कीं, तेथील माणसास दुसरा एखादा रोग होऊं शकतो याची आठवणच कोणास राहिलेली नाहीं. पोशेऱ्याच्या बाईस पोट आहे, हें सर्वांस कबूल. तिला मेंदूहि आहे, हें कबूल करण्यास मात्र मंडळी तयार नाहींत.

ल्यूपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. शरीराचें रक्षण करणारी शक्तीच उलटून स्वतःच्या पेशींवर तुटून पडते, असा हा रोग. याच्या दहा रोग्यांत सुमारें नऊ स्त्रिया, आणि त्याहि बहुधा ऐन उमेदीच्या. सांधे दुखतात, ताप येतो, केस गळतात, मूत्रपिंडें बिघडतात. गालांवर फुलपांखरासारखा लाल चट्टा उठतो असें पाठ्यपुस्तकें सांगतात खरीं. पण त्यांतलीं चित्रें बहुधा गोऱ्या कातडीचीं. उन्हांत रापलेल्या सांवळ्या चेहेऱ्यावर तो चट्टा पुष्कळदां ओळखूंहि येत नाहीं. मोखाड्यांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, आणि ऊन तर हा रोग चेतविणारें ! अंगदुखी ती कष्टाची, फिकेपणा तो पंडुरोगाचा किंवा सिकलसेलचा, ताप तो हिंवतापाचा किंवा क्षयाचा, अशी वांटणी आधींच होऊन गेल्यावर लांडग्याकडे कोणाचें लक्ष जावें ?

पण आमचा खरा वाद पुढेंच आहे. हा रोग मेंदूपर्यंत पोंचतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेनें १९९९ सालीं त्याच्या मज्जासंस्थेच्या व मनाच्या १९ विकृतींची यादी केली. तींत झटके आहेत, पक्षाघात आहे, बुद्धिभ्रंश आहे. तसेंच स्मृति व अवधान यांचा ऱ्हास आणि विषण्णताहि आहे. समजा, पोशेऱ्याची एखादी वीस-बावीस वर्षांची सून तव्यावर भाकरी टाकून विसरूं लागली, बोलतांना तिला शब्द सांपडेनात, एके रात्रीं ती असंबद्ध बडबडूं लागली. घरचीं माणसें तिला भगताकडे नेतील, आणि शहरांतले लोक त्यांस अडाणी म्हणतील. पण हीच गोष्ट दादरच्या किंवा सदाशिव पेठेंतल्या सुनेची असली, तर 'हे तुझ्या मनाचे खेळ, जरा कामांत मन गुंतव' असें तिला ऐकविणारे पदवीधर थोडे आहेत काय ? भगत निदान बाईस कांहींतरी झालें आहे एवढें तरी मानतो !

मनाचे खेळ म्हणणारांस गेल्या कांहीं दशकांतील चित्रणानें उत्तर दिलें आहे. एमआरआय यंत्रांत क्ष-किरण नसतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रांत शरीरांतील हायड्रोजनच्या केंद्रकांपासून मिळणाऱ्या संकेतांवरून चित्र उभें राहतें. ल्यूपसच्या रोग्यांच्या अशा चित्रांत मेंदूच्या श्वेतद्रव्यांत लहान उजळ ठिपके आढळतात, रक्त तुंबून सुकलेल्या जागांच्या खुणा आढळतात, आणि कित्येकांच्या मेंदूचें आकारमानच घटलेलें असतें. ज्याच्यावांचून नव्या आठवणी रुजत नाहींत त्या हिप्पोकँपस नामक भागाचें मापन ब्राझीलमधील कांपीनासच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें. तो भाग अनेक रोग्यांत आक्रसलेला दिसला. आणि ही घट जशी रोगाच्या मुदतीशीं, तशीच घेतलेल्या स्टेरॉइडच्या एकूण मात्रेशींहि निगडित होती. चोरावरहि संशय, पाहरेकऱ्यावरहि संशय !

मात्र यंत्रभक्तांनीं इतक्यांत हर्षभरित होऊं नये. ल्यूपसनें मेंदूस बाधा केल्याचें निदान ज्यांच्या बाबतींत झालें आहे, अशांपैकीं जवळजवळ निम्म्या रोग्यांचें साधें एमआरआय निर्दोष येतें. उलट ते उजळ ठिपके वार्धक्यांत, रक्तदाबांत, अर्धशिशींतहि दिसतात. तेव्हां 'चित्र स्वच्छ आलें, आतां तक्रार पुरे' असें म्हणणारा तज्ज्ञ हा त्या मनाचे खेळवाल्याचा सख्खा भाऊच. फक्त त्याची फी अधिक.

शिवाय मेंदू घटला म्हणावयाचा तो कोणाच्या मापानें ? हैदराबादच्या आयआयआयटीनें २०१९ सालीं शंभर निरोगी भारतीय तरुणांच्या चित्रांवरून नमुना तयार केला, तेव्हां भारतीय मेंदू पाश्चात्त्य नमुन्याहून सरासरीनें लहान भरला. (यावरून अक्कल मोजूं पाहणारांस आमचा दुरूनच नमस्कार.) परक्या गजानें मोजल्यास निरोगी मेंदूहि झिजलेला ठरावयाचा. मोखाड्याच्या वारली, कोकणा, कातकरी स्त्रियांस कोणता गज लावणार, याचें उत्तर आधीं हवें.

राहतां राहिला नाचणीचा आक्षेप. पोशेऱ्यांत एमआरआय बसवा असें म्हणतो कोण ? डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ सालीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं घरोघर विचारपूस करून संधिवाताच्या रोगांची पाहणी आरंभिली. तशी ती जव्हार-मोखाड्यांत कां होऊं नये ? लघवींतून प्रथिनें जातात कीं काय हें सांगणारी पट्टी थोडक्या पैशांत मिळते. एएनए या पहिल्या रक्तचांचणीसाठीं जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांतून रक्ताचे नमुने मुंबईस पाठवितां येतील. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहेच. या रोगावरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी तर हिंवतापाच्या औषधांच्या कुळांतलीच, जुनी आणि स्वस्त. ज्या रोग्यांस झटके येतात, ज्यांचें भान किंवा स्मृति ढळते, त्यांनाच तेवढें चित्रासाठीं नाशिकला किंवा ठाण्यास न्यावें लागेल. त्यांचें गाडीभाडें आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी सरकारनें द्यावी, आणि वीटभट्टीवर गेलेल्या बाईस तिची गोळी भट्टीजवळच्या दवाखान्यांत मिळावी, अशी आमची मागणी आहे.