नवे म्हणून पाडायचे?

काराबाखलगतच्या मेखाकवानचे आर्मेनियन चर्च २०१७ साली बांधलेले. पुरातत्त्वाच्या कुठल्याही यादीत बसू नये इतके नवे. काराबाखवरून आर्मेनियाशी झालेल्या २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात हा भाग अझरबैजानने जिंकला तेव्हा ते उभे होते. एक सैनिक त्याच्या माथ्यावर चढून विजयघोष करत असल्याची चित्रफीत जगाने पाहिली. मार्च २०२१ मध्ये बीबीसीचा बातमीदार तिथे पोचला, तर चर्चचा मागमूस नव्हता. ते लढाईत पडले, असे सोबतच्या पोलिसाने सांगितले. त्या चित्रफितीपुढे हे उत्तर टिकत नाही.

बळकावलेल्या जमिनीवरचे बांधकाम बेकायदाच, हा बाकूचा, म्हणजे अझरबैजान सरकारचा युक्तिवाद. तो सरसकट झटकून टाकता येणार नाही. मेखाकवान म्हणजे मूळचे जब्राइल. १९९३ मध्ये आर्मेनियन सैन्याने ते घेतल्यावर तिथल्या अझरबैजानींना घरेदारे टाकून पळावे लागले. आर्मेनियन ताब्यातल्या अग्दामच्या मशिदीत तर गुरे बांधली गेली. पण प्रश्न केवळ अतिक्रमणाचा असता, तर काराबाखमधल्या शुशाचे १८४७ चे ‘हिरवे चर्च’ २०२४ च्या वसंतापर्यंत उपग्रहचित्रांतून नाहीसे का झाले? ते कुणाच्या जमिनीवरचे अतिक्रमण होते?

आर्मेनियन चर्च, स्मारके, दफनभूमी यांची विटंबना रोखा आणि दोषींना शिक्षा करा, असा आदेश आर्मेनियाने लावलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ७ डिसेंबर २०२१ रोजी अझरबैजानला दिला. त्यात वास्तूच्या वयाची अट नाही. मात्र सप्टेंबर २०२३ मधल्या अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन काराबाख सोडून गेले. चर्चवर पहारा द्यायला गावांत कोणी उरले नाही. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आद्याक्षरे झालेला शांतता करार म्हणतो, की तो अमलात आल्यावर महिन्याभरात दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्धचे खटले मागे घ्यावेत. खटलाच गेला, तर आदेशाला आधार कशाचा?

मुंबईच्या फोर्टात १७९६ चे आर्मेनियन चर्च आहे. ते बांधणारा समाज जवळजवळ संपला, चर्च राहिले. आर्मेनियाला ‘पिनाका’ रॉकेट प्रणाली विकणाऱ्या दिल्लीने एवढा दाखला बाकूला द्यायला हरकत नसावी. येरेवाननेही, म्हणजे आर्मेनिया सरकारनेही, शांततेच्या घाईत हा विषय सोडू नये. उभ्या असलेल्या प्रत्येक चर्चची आणि मशिदीची, जुन्या-नव्याचा भेद न करता, युनेस्कोकडून नोंद होईपर्यंत खटला मागे घेऊ नये.