अर्थची पिन लांब का असते?

रूमवरच्या इस्त्रीचा थ्री-पिन प्लग एकदा नीट बघा. अर्थची पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. त्यामुळे प्लग घालताना आधी अर्थ जोडला जातो, काढताना तो शेवटी सुटतो. 'कृपया आधी अर्थिंग करावे' अशी पाटी कुठेच नसते. चुकीचा क्रम होऊच नये अशी पिनच बनवलेली असते. माझं स्पष्ट मत आहे, की आपण प्रोजेक्टमध्ये लिहितो त्या बिल्डरलाही अशी एक लांब पिन हवी!

इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बिल्डर हा १९९४ साली आलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या चौघांच्या पुस्तकातला पॅटर्न. ऑब्जेक्ट एका दमात न बनवता टप्प्याटप्प्याने बनवायचा. जावामध्ये आज दिसते ती साखळीची पद्धत जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा'च्या दुसऱ्या आवृत्तीत (२००८) मांडली.

समजा, होस्टेलच्या आउटपासचं सॉफ्टवेअर लिहायचंय. नाव, खोली नंबर आणि परतीची तारीख सक्तीची, शेरा ऐच्छिक. नेहमीच्या बिल्डरमध्ये प्रत्येक मेथड तोच बिल्डर परत करते. त्यामुळे तारीख न देता थेट 'बिल्ड' म्हटलं तरी कंपायलर गप्प! आत तपासणी लिहिलेली असेल तर प्रोग्रॅम चालताना, म्हणजे बहुधा ऐन डेमोत, बोंब होते. नसेल तर तारखेविना पास गेटवर पोचतो आणि मुलगा कधी परतणार हे रेक्टर सरांना कळतच नाही.

यावर उपाय म्हणजे स्टेप बिल्डर. प्रत्येक सक्तीच्या पायरीला वेगळा इंटरफेस द्यायचा. पहिल्यात फक्त 'नाव'. ती मेथड 'खोली'चा इंटरफेस परत करते. 'खोली' परत करते 'तारखे'चा. 'शेरा' आणि 'बिल्ड' फक्त शेवटच्या इंटरफेसमध्ये. आतून एकच क्लास हे सगळे इंटरफेस इम्प्लिमेंट करतो. तारीख टाळली तर 'बिल्ड' हाताला लागतच नाही. एडिटरमध्ये डॉट दाबला की पुढची पायरी आपोआप समोर येते.

कोणी म्हणेल, सक्तीच्या गोष्टी बिल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्येच घाला. ब्लॉक यांनी तेच केलंय, आणि दोन-तीन गोष्टींसाठी ते पुरेसंही आहे. पण त्यांच्याच उदाहरणात सक्तीच्या दोन्ही किमती पूर्णांक आहेत. त्यांची अदलाबदल झाली तर कंपायलरला पत्ताही लागत नाही. स्टेप बिल्डरमध्ये प्रत्येक किमतीला स्वतःचं नाव असतं.

दुसरा आक्षेप, इंटरफेसची जत्रा भरते. मान्य! म्हणून ऐच्छिक गोष्टींना पायऱ्या करू नयेत. जावात इम्युटेबल्स ही लायब्ररी असा बिल्डर आपोआप तयार करून देते. कोटलिनमध्ये पॅरामीटर नावानिशी देता येतात आणि डीफॉल्ट नसलेला पॅरामीटर टाळता येत नाही, त्यामुळे तिथे बऱ्याचदा हा खटाटोपच नको.

सक्ती सगळीकडे चांगली, असंही माझं म्हणणं नाही. गूगलने प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून (२०१६) सक्तीची फील्ड्स काढूनच टाकली. जुने आणि नवे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत असताना कालची सक्ती आज काढणं महाग पडतं. पण आपला कोड एकत्र कंपाइल होतो. सक्ती बदलली तर कुठे कुठे दुरुस्ती हवी, हे कंपायलरच दाखवतो.

आणि हो, कंपायलर पायरी झाली का एवढंच बघतो, किंमत बरोबर आहे का ते नाही. तारखेच्या जागी 'नल' देणारे महाभाग म्हणजे अर्थच्या भोकात पेन खुपसून टू-पिन प्लग घुसवणारेच! तेव्हा 'बिल्ड'मधली तपासणी ठेवायचीच.

आपला कोड पुढच्या वर्षी ज्युनियर्सकडे जातो. 'हे आधी कॉल कर हं' ही तोंडी सूचना मात्र आपल्याबरोबरच पास आउट होते. ज्युनियरला ती कोण सांगणार? म्हणून आमच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती: व्हायवात 'बिल्डर म्हणजे काय' विचाराच, पण 'एक पायरी गाळली तर तुझा कोड कंपाइल होतो का' हेही विचारा. उत्तर 'होतो' आलं, तर काम अजून बाकी आहे.