शाईतली वीज

शाईने लिहावे, शाईने छापावे, आणि फार तर शाईने बोटे माखून घ्यावीत, एवढेच आम्हा मराठीच्या मास्तरांना ठाऊक! पण आता शाईने वीज साठवायची इवलाली भांडीही छापता येतात. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि फिलाडेल्फियाचे ड्रेक्सेल विद्यापीठ यांतील संशोधकांनी २०१९ साली अशी एक कृती प्रसिद्ध केली.

बॅटरी असताना हा खटाटोप कशाला, असे गृहिणी विचारतील. त्यांनी हळदीकुंकू आठवावे. बायका माजघरापर्यंत गेल्या तर पुष्कळ मावतात, पण जायला-यायला वेळ लागतो. ओसरीवरच टेकल्या तर चटकन येऊन जातात. मात्र जागा थोडी. बॅटरीत विद्युत्‌भारित कण पदार्थाच्या आत शिरतात. ‘सुपरकपॅसिटर’मध्ये ते पृष्ठभागावरच बसतात. म्हणून तो झटकन भरतो, झटकन रिता होतो, आणि हजारो वेळा भरला तरी कुरकुरत नाही.

तेव्हा ओसरी वाढवायला हवी. पापुद्रा जितका पातळ, तितकी ओसरी ऐसपैस. एका अणूच्या जाडीचे ग्राफीन घ्या. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशेबाने सुमारे २६३० चौरस मीटर, म्हणजे टेनिसची दहा मैदाने! ड्रेक्सेलमध्ये २०११ साली त्याचे एक भावंड जन्मले, ‘मॅक्सीन’. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांच्या थरांतून आम्लाने अ‍ॅल्युमिनियम तेवढे काढून टाकायचे, की खळ सुटलेल्या जुन्या पुस्तकासारखी पाने मोकळी होतात. ती पाण्यात कालवली की झाली शाई! दोन फण्यांचे दात एकमेकांत शिरावेत पण टेकू नयेत, अशी नक्षी तिने छापायची आणि वर विद्युत्‌भार वाहणाऱ्या जेलचा हात फिरवायचा.

उपयोग? अंगाला चिकटवायच्या, ताप किंवा नाडी मोजणाऱ्या चकत्यांसारख्या चिमुकल्या यंत्रांना. आज अशा ठिकाणी बटणाएवढी बॅटरी लागते, आणि ती मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. छापील साठ्याने तिची गरज काही ठिकाणी जरी टळली, तरी घराघराचा घोर कमी होईल.

पण ही शाई नाजूक. पाणी आणि हवा यांच्या संगतीत ती हळूहळू बिघडते. साठाही बॅटरीपेक्षा थोडा, शिवाय तो झिरपून जातो. तुमचा मोबाइल काही त्यावर दिवसभर चालायचा नाही.

आम्ही लेखकांनी शाईतून किती उजेड पाडला, हे वाचक जाणतातच. या शाईला तो पाडायला थोडा अवधी द्यावा, हे बरे!