साग की हळदू?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या इतिहास मंडळाने यंदाच्या प्रदर्शनासाठी शिडाच्या एका युद्धनौकेची प्रतिकृती करायला घेतली आहे. तळाचा कणा बसला, बरगड्या उभ्या राहिल्या आणि काम एका प्रश्नावर अडले : वरून फळ्या कोणत्या लाकडाच्या बसवायच्या? एका माजी विद्यार्थ्याने मंडळाला भेट दिलेल्या या परदेशी संचातल्या मूळ पट्ट्या दोन पावसाळ्यांच्या ओलीने पिळवटून गेल्या होत्या. त्या टाकून नव्या पट्ट्या घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मंडळात दोन तट पडले. बहुसंख्यांचे मत साग. माझे आणि आणखी एका मैत्रिणीचे मत हळदू. वाद चांगला रंगला, पण बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे ऐकू येते. म्हणून माझे म्हणणे इथे लिहून मांडते.

प्रथम जहाजाविषयी. ही प्रतिकृती 'त्रिंकोमाली' या नौकेची आहे. ती बांधली गेली मुंबईत. आपल्या फोर्टमधल्या गोदीतून ऑक्टोबर १८१७ मध्ये ती पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया तिचे बांधणारे. त्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेहून काही सुतार बरोबर घेऊन १७३६ साली मुंबईत आले आणि पुढे इथली गोदी नावारूपाला आली. जमशेटजींनीच बांधलेली 'मिंडेन' १८१० साली पाण्यात उतरली. 'कॉर्नवॉलिस' १८१३ साली. इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह १८४२ साली या 'कॉर्नवॉलिस'वरच झाला. 'त्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेले हे लाकूड टिकून आहे.

याचे श्रेय सागाला आहे, हे मीही मानते. त्या काळी इंग्लंडात ओकची टंचाई होती, म्हणून आरमाराने मुंबईकडे मोर्चा वळवला. मलबारचा साग इथे येई. सागात तेल असते. त्यामुळे पाणी आणि वाळवी यांना तो दाद देत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात तसे होत नाही. या सागाची भूक इतकी मोठी होती की जंगले उघडी पडू लागली आणि १८४० च्या दशकात केरळातल्या निलांबूर इथे सागाची मुद्दाम लागवड करावी लागली.

आता सागवाद्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगते, म्हणजे अन्याय व्हायला नको. ते म्हणतात, "मूळ जहाज सागाचे, तर प्रतिकृतीही सागाचीच हवी. नाहीतर ती खोटी." त्यांतल्या एकाने तर सर्वांना हेलावून टाकणारी सूचना केली. त्याची गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी पाडली जात आहे. तिच्या तुळया जुन्या बर्मी सागाच्या. त्यांतल्या एका तुळईच्या पट्ट्या काढाव्यात आणि मुंबईचे जहाज मुंबईच्या चाळीच्या लाकडातून उभे करावे! टाळ्या पडल्या. मलाही ती कल्पना मनापासून आवडली. तरीही माझे मत बदलले नाही, आणि त्याची कारणे भावनेची नाहीत, मापाची आहेत.

आमच्या प्रतिकृतीचे प्रमाण बहात्तरास एक असे आहे. मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब. आमचा २५ इंच. मूळ फळी एक फूट रुंद धरली, तर आमची पट्टी इंचाचा सहावा भाग, म्हणजे सव्वा सुताहून किंचित अधिक. मूळ फळी चार इंच जाड धरली, तर आमची दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. माणूस लहान झाला, तोफ लहान झाली, फळी लहान झाली. पण लाकडाची रेषा काही लहान होत नाही! सागाच्या अंगावरची बारीक छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पाव मिलिमीटरचे एक छिद्र आमच्या जहाजावर पाऊण इंचाच्या भोकासारखे दिसेल. सागाच्या दोन वर्तुळांतले अंतर तीन मिलिमीटर असेल, तर प्रमाणाने ते आठ-साडेआठ इंच होते. जहाजाच्या अंगावर इतका जाड पट्टा कोणी पाहिला आहे? म्हणजे लाकूड खरे आणि जहाज खोटे, असा प्रकार होतो.

माझे बाबा लालबागला सुतारकाम करतात. सातवीपर्यंत शिकलेले. मी त्यांना आमचा वाद सांगितला तेव्हा त्यांनी रंधा बाजूला ठेवून एवढेच विचारले, "अगं, जहाज केवढं? हातभरसुद्धा नाही ना? मग रेषा पण तेवढीच बारीक पाहिजे." मी वर जो हिशेब मांडला, तो या एका वाक्याचा विस्तार आहे.

दुसरे कारण वळणाचे. जहाजाच्या पोटाशी घेर मोठा, नाळेशी लहान. त्यामुळे पट्टी सरळ लावून चालत नाही. नाळेकडे ती निमुळती करावी लागते. मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय ती भिजवून, उष्णता देऊन बाकदार करावी लागते. इतक्या पातळ पट्टीत सागाची भरड रेषा जिथे तिरपी सुटते, तिथेच ती चिरते. तेलामुळे सरसही नीट धरत नाही. आधी थिनरने पुसून घ्यावी लागते. सागातल्या वाळूसारख्या कणांनी पात्याची धार बसते ती वेगळीच. हे सगळे निभावून नेणारा कसबी माणूस नसतोच असे नाही. पण आम्ही चौघे-पाच जण शनिवारी दुपारी जमणारे विद्यार्थी आहोत.

मग हळदूच का? कोकणात या झाडाला हेदू म्हणतात. ताजे कापले की लाकूड हळदीसारखे पिवळे, म्हणून बाजारातले नाव हळदू. याची रेषा इतकी बारीक आणि सारखी असते की हात फिरवला तर लाकडाची दिशा कळत नाही. कंगवे, पट्ट्या, कातकाम यांसाठी ते वापरतात. कापडगिरण्यांतल्या बॉबिनसाठीही ते वापरले जाई. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. म्हणजे हे लाकूड गिरणगावाला परके नाही. फक्त दिवाणखान्यात त्याला कधी जागा मिळाली नाही. उघड्यावर ते सागाइतके टिकत नाही, हे खरे. पण आमचे जहाज काचेच्या कपाटात राहणार आहे, अरबी समुद्रात नाही. उजेडाने त्याचा पिवळेपणा हळूहळू तपकिरी होतो, तोही आमच्या फायद्याचाच.

परदेशी संचांत सहसा दोन थर असतात. आतला थर बासवुड किंवा लाइम या मऊ लाकडाचा, बाहेरचा अर्धा मिलिमीटर जाडीचा थर अक्रोडाचा. ही लाकडे मागवायची तर खर्च आणि महिनाभर वाट पाहणे आले. आपल्याकडे आतल्या थरासाठी शिवण चालेल : हलके, फार न पिळवटणारे, कापायला सोपे. बाहेरून हळदू. रे रोडच्या लाकूडबाजारात चौकशी करावी आणि ओळखीच्या करवतीवर पट्ट्या काढून घ्याव्यात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : लाकूड वाळलेले असावे, रेषा पट्टीच्या लांबीने सरळ धावावी, आणि गाठ नसावी. या तीन गोष्टी असतील, तर नावाची चिंता करू नये.

"पण मग खरेपणाचे काय?" असा प्रश्न सागवादी पुन्हा विचारतील. त्यांना माझे उत्तर असे की, मूळ 'त्रिंकोमाली'वरसुद्धा साग दिसत नव्हताच. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकलेले, वरच्या भागावर रंग. सागाचे काम आतून बळ देण्याचे होते, दिसण्याचे नव्हते. आपण मात्र त्याचे बळ लागत नसताना तो मिरवायला निघालो आहोत. रांगोळीतला मोर पिसांचा नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रतिकृतीचा खरेपणा तिच्या आकारात, मापात, फळीला फळी जुळण्यात असतो. गिरगावच्या चाळीची तुळई वाया जावी असे मला मुळीच वाटत नाही. तिच्यातून जहाजाची बैठक करावी. तिथे जाडी आहे, तिथे सागाची रेषा शोभेल, आणि वरचे जहाज तिच्यावर भक्कम उभे राहील.

खरे सांगायचे तर, या वादात मला लाकडापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. साग म्हटला की माना डोलतात, हळदू म्हटले की "ते काय असतं?" असे विचारतात. आपल्याकडे लाकडालाही घराणे लागते. गुण काय, काम काय, हे नंतर. आणि कोणते लाकूड कशाला चालते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बैठकीला कोणी बोलावत नाही. आमच्या ग्रंथालयात वाडियांविषयी वाचायला मिळते, ते मिळायलाच हवे. पण त्यांच्या हाताखाली ज्यांनी फळ्या तासल्या, वाकवल्या, ठोकल्या, त्या सुतारांचे ज्ञान कुठल्या कपाटात ठेवले आहे? ते हातातून हातात गेले. ज्या हातांनी पुढे ते काम सोडले, तिथे ते संपले.

हे ज्ञान किती मोलाचे असते याचे ताजे उदाहरण आपल्यासमोर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून भारतीय नौदलाने 'कौंडिण्य' ही नौका बांधवून घेतली. जुना आराखडा कुठेच नव्हता. केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. २०२५ साली नौका आरमारात दाखल झाली आणि पुढे पोरबंदरहून मस्कतपर्यंत गेली. आयआयटी मद्रासमध्ये तिच्या प्रतिकृतीच्या चाचण्याही झाल्या. विद्वान आणि सुतार एका कामावर बसले, म्हणून ते साधले. सुतार उरलेच नसते, तर विद्वानांनी शिवण कोणाला विचारली असती?

म्हणून माझ्या मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली अशी की, प्रदर्शनात जहाजाशेजारच्या फलकावर 'साग' असे मोघम लिहू नये. 'बाहेरील फळ्या हळदूच्या, आतील शिवणीच्या, बैठक गिरगावच्या चाळीतील सागाची' असे स्पष्ट लिहावे आणि का, तेही चार ओळींत लिहावे. शेजारी सागाचा आणि हळदूचा एकेक तुकडा ठेवावा. पाहणाऱ्याने बोट फिरवून स्वतः ठरवावे.

दुसरी सूचना प्राध्यापकांनाही आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक जण आहेत, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. त्यांच्या घरी कोणी सुतार आहे, कोणी कासार, कोणी शिंपी, कोणी जुना गिरणी कामगार. व्याख्यानमालेतला एक दिवस या माणसांना द्यावा. त्यांना भाषण जमणार नाही. हातात वस्तू द्यावी आणि प्रश्न विचारावेत. उत्तरे आम्ही लिहून घेऊ. आईबापांनी आम्हांला लिहायला शिकवले, त्याचा एवढा उपयोग तरी व्हावा.

पट्ट्यांचा निर्णय येत्या शनिवारी व्हायचा आहे. बहुमत सागाच्या बाजूचे आहे, हे मला ठाऊक आहे. मतदानापूर्वी सर्वांनी दोन्ही लाकडांची एकेक सव्वा सुताची पट्टी पाण्यात भिजवून नाळेवर वाकवून पाहावी, एवढीच माझी विनंती. दोन्ही पट्ट्या मी घेऊन येते.