'रक्षक' कोणाला म्हणावे?

प्राणिमुक्तीच्या चळवळीतील जहाल प्रवाहाचा विषय निघाला की आपले लक्ष युरोपकडे जाते. १९७६ साली ब्रिटनमध्ये उदयास आलेल्या 'अ‍ॅनिमल लिबरेशन फ्रंट'ने प्रयोगशाळा फोडल्या, मालमत्तेची नासधूस केली. परंतु माणसाला इजा करायची नाही, हा नियम निदान कागदावर तरी ठेवला. आपल्याकडच्या प्राणिरक्षणाचे उग्र रूप पाहायला नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही, आणि येथे तो कागदी नियमही आढळत नाही.

जून २०२३मध्ये गुरे नेणाऱ्या तिघांना कसारा परिसरात अडवण्यात आले; त्यांपैकी एकाचा मृतदेह इगतपुरी तालुक्यात सापडला. त्याच महिन्यात घोटी-सिन्नर मार्गावर गोमांस नेत असल्याच्या संशयावरून मुंबईच्या दोघांना जमावाने मारले. एकाचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४मध्ये इगतपुरीजवळ रेल्वेत एका वृद्ध प्रवाशाला झालेली मारहाणही संशयावरूनच होती.

२०१५पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार गोवंशहत्येचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला, तरी कमाल शिक्षा पाच वर्षे कैद व दहा हजार रुपये दंड एवढीच आहे. रस्त्यावरचा जमाव मात्र नुसत्या संशयासाठी देहदंड देतो. त्याला कायद्याचा कैवारी कसे म्हणावे?

यामागे करुणा आहे, असे सांगितले जाते. करुणा असती तर तिने भाकड जनावराच्या चाऱ्याची आणि ते पोसू न शकणाऱ्या शेतकऱ्याची चिंता आधी वाहिली असती. याच जिल्ह्यातील भगूर येथे जन्मलेल्या सावरकरांनी 'गोपालन हवे, गोपूजन नव्हे' या निबंधात गाईकडे उपयुक्त पशू म्हणून पाहिले. गांधीजींनी गाय पूज्य मानली. तरीही तिच्यासाठी माणसाला मारण्याचा अधिकार 'हिंद स्वराज'मध्ये (१९०९) स्पष्टपणे नाकारला. म्हणजे बुद्धिवाद घ्या वा श्रद्धा घ्या, या जमावाला आधार कोठेच सापडत नाही.

तो आधार त्याला आपली भाषा पुरवते. 'गोरक्षकांची मारहाण' असे आपण सहज लिहितो, वाचतो आणि वर्गात खटकल्याशिवाय पुढे जातो. जखमी जनावरांची शुश्रूषा करणारी माणसे या शब्दाची खरी हक्कदार आहेत. निःशस्त्र माणसाला ठार मारणाऱ्यासाठी मराठीत 'मारेकरी' हा शब्द आहे. भाषा शिकवणाऱ्यांनी तरी तो वापरण्यास कचरू नये.