अबोला

दोन भावंडांचे किंवा दोन मित्रांचे बिनसले, की प्रथम बोलणे बंद होते. लहान मुले याला कट्टी म्हणतात, मोठी माणसे अबोला म्हणतात; नावे दोन, पण वस्तू एकच. घरात अबोला सुरू झाला म्हणजे मोठी गंमत होते. दोघे भाऊ जेवायला शेजारी शेजारी बसलेले असतात, पण एकाला मीठ हवे असले, तर तो म्हणतो, “आई, त्याला म्हणावे, मीठ इकडे सरकव.” तो ‘त्याला’ हाताच्या अंतरावरच असतो! बिचारी आई मात्र हातातले काम टाकून निरोप पोचवीत राहते.

अबोला धरणाऱ्याला वाटते, की आपण फार मानाने वागत आहोत. आपण भांडलो नाही, वावगा शब्द उच्चारला नाही. मग आपले चुकले कोठे? मला हे पटत नाही. अबोला ही एक शिक्षाच आहे, आणि तीही अपराध न सांगता दिलेली. न्यायालयात आरोपीला त्याच्यावरील आरोप आधी वाचून दाखवितात. अबोल्यात तेवढेही होत नाही. ‘त्याने आपणहून ओळखावे’ अशी आपली अपेक्षा असते, आणि पुष्कळदा आपल्या हातून काय घडले, याचा त्याला पत्ताही नसतो.

राग आला असता थोडा वेळ गप्प राहणे ही गोष्ट निराळी. “माझे मन आता ठिकाणावर नाही, आपण संध्याकाळी बोलू,” असे सांगून जो गप्प बसतो, तो दार नुसते लोटून घेतो, त्याला कडी लावीत नाही.

दाराचे नाव निघाले, म्हणून आळंदीची एक कथा सांगतो. इ. स. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगणाऱ्या ज्ञानदेवांची ही कथा परंपरेने चालत आली आहे. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना लोकांनी फार छळले होते. एकदा कोणाचे तरी कठोर बोल ज्ञानदेवांच्या जिव्हारी लागले. ते झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी, म्हणजे कामट्यांचे साधे दार, आतून लावून घेतले. तेव्हा धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी आली. तिचा काही अपराध नव्हता. ‘ज्याने दुखावले त्याने येऊन समजूत घालावी,’ असे ती म्हणू शकली असती. पण ती बाहेर उभी राहून बोलू लागली.

तिने काय केले, ते नीट पाहा. ज्यांनी निंदा केली त्यांना तिने शिव्याशाप दिले नाहीत, आणि ‘एवढ्याशा गोष्टीचे काय ते वाईट वाटून घ्यायचे!’ असे म्हणून दादाचे दुःख उडवूनही लावले नाही. दातांखाली जीभ सापडली, म्हणून कोणी आपले दात पाडून घेतो का, असे तिने विचारले. ज्यांनी दुखावले तीही आपलीच माणसे, हे तिला सुचवायचे होते. थोरल्या भावाला चार खडे शब्दही तिने ऐकविले. पण प्रत्येक वेळी शेवटी मागणे एकच, दार उघडा.

ज्ञानदेव बाहेर आले. मुक्ताबाईच्या त्या बोलण्याला आजही ‘ताटीचे अभंग’ म्हणतात.