विसर्जनाची तिथी

मी यंत्रविद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला, पेणला मुलांना मराठी शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझा दहा वर्षांचा लॅपटॉप धडधाकट होता. श्रावणात त्यावर नवी कार्यप्रणाली चढवली आणि त्याचे वायफाय गेले, आवाजही बसला. रोह्याच्या दुकानदाराने निकाल दिला, "गुरुजी, भंगारात घाला!"

का म्हणून? प्रणाली आणि सुटा भाग यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. नव्या प्रणालीला जुना चालेना, आणि भाग बनवणाऱ्याने नवा दिला नाही, एवढेच! एका माजी विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवरून जुनाच ड्रायव्हर हाताने बसवला. तासाभरात यंत्राला वाचा फुटली.

कोणी म्हणेल, सुरक्षिततेसाठी नवी प्रणाली हवीच. हवी, पण तेवढ्यासाठी चांगल्या वस्तूचा बळी का? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली. उत्तम! पण कचरा होऊच नये, ही जबाबदारी कोणाची? ज्याला नवा ड्रायव्हर देणे परवडत नाही, त्याने निदान त्या भागाची माहिती खुली करावी. लिनक्ससाठी राबणारे जगभरचे लोक तो लिहायला बसलेलेच आहेत.

आमच्या पेणचे गणपती विसर्जनासाठीच घडतात, आणि ते घेणाऱ्याला ठाऊक असते. लॅपटॉप विकताना मात्र विसर्जनाची तिथी कोणी सांगत नाही! तेव्हा वाचकहो, दिवाळीची अडगळ काढताना जुने यंत्र बाहेर टाकण्यापूर्वी आधी त्याचा दुभाष्या शोधा.